एकाच जाजमावरचा तिळगूळ
अंगणातल्या हळदीकुंकवाला खर्च तो किती? मूठभर तीळ, गुळाचा खडा, बसायला जाजम. सावित्रीबाई फुले यांनी १४ जानेवारी १८५२ ला पुण्यात तिळगुळाचा असाच कार्यक्रम ठेवला. निमंत्रणातच सांगितलं होतं, कुठल्याही जातीच्या बायका येवोत, सगळ्या एकाच जाजमावर बसतील. हळदीकुंकूही भेद न करता लावलं जाईल. काहींच्या सावलीचासुद्धा विटाळ मानायचे, त्या काळात हे! आपण मात्र वाणाच्या डब्यांसाठी उधारी करतो. गेल्या संक्रांतीला माझ्या विधवा जाऊबाई चुलीपाशीच थांबल्या, हाक मारली तरी आल्या नाहीत. यंदा जाजम त्यांच्याच हातानं अंथरायचं ठरलंय.