परगावचा वैद्य

आमच्या हिंजवडीच्या गावठाणात हल्ली एक दृश्य नेहमी पाहायला मिळते. आजारी म्हातारीला ओटीवर बसवतात, नातू तिच्या तोंडापुढे फोन धरतो, आणि फोनमधला मुंबईचा नाहीतर बंगळूरचा डॉक्टर म्हणतो, "आजी, जीभ दाखवा पाहू." आजी लाजत लाजत जीभ दाखवते. पाच मिनिटांत औषधाची नावे लिहून येतात.

याच गावातून दोन-अडीचशे वर्षांपूर्वी पुण्याच्या एखाद्या नामांकित वैद्याला विचारायचे झाले तर? पुणे पाच-सहा कोस. मध्ये मुळा नदी. पावसाळ्यात उतार मिळाला तर मिळाला. ज्याला उठून बसवत नाही तो रोगी एवढी वाट चालणार कसा? आणि नामांकित वैद्य हातातली घरे सोडून आडगावी यायचा कसा? मग जायचा तो निरोप्या. रोगी इथे, वैद्य तिथे, आणि दोघांच्या मधे एक दमलेला माणूस.

माझ्या आजीचे माहेर मुळशी खोऱ्यातले. तिचा धाकटा भाऊ तापाने फणफणला तेव्हा घरच्या गड्याला पुण्याच्या वैद्याकडे धाडले. गड्याने पुड्या जपून आणल्या; पण पुडी दुधातून द्यायची की दूध वर्ज्य करायचे, एवढेच नेमके तो वाटेत विसरला. आता पुन्हा जाऊन येईपर्यंत दोन दिवस गेले असते. आजीची आई म्हणाली, "दूध नको, मधातून द्या. वर्ज्य पाळल्यानं कुणी मरत नाही." पोरगा वाचला. औषधाने वाचला की आयुष्याची दोरी बळकट म्हणून, यावर घरात पुढे कितीतरी वर्षे वाद चालला.

ही अडचण आपल्या जुन्या शास्त्रकारांना चांगली ठाऊक होती. रोग ओळखण्याचे सहा उपाय सुश्रुताने सांगितले आहेत: पाच ज्ञानेंद्रिये आणि सहावा प्रश्न. डोळ्यांनी पाहावे, हाताने चाचपावे, कानांनी ऐकावे, वास घ्यावा, चवीवरून ताडावे आणि विचारावे. आता पाहा, रोगी दहा कोसांवर असला की या सहांपैकी पाच उपाय जागच्या जागी लंगडे पडतात. उरतो एकटा प्रश्न, आणि त्याचे उत्तरही रोगी देत नाही, त्याचा निरोप्या देतो. नाडीचेही तेच. नाडी पाहण्याची सविस्तर पद्धत आपल्याकडे शार्ङ्गधराच्या ग्रंथापासून रुळली. पण नाडी काही पुडीत बांधून नेता येत नाही.

म्हणून असेल, वैद्याची नजर निरोप्यावरच खिळली. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त तर दूतापासूनच सुरू होणारा एक अध्याय आहे. आलेला माणूस कसा बोलतो, कोणत्या वेळी आला, कपडे ओले आहेत की फाटके, हातात काठी आहे की दोर, उभ्या उभ्या गवताची काडी मोडतो आहे का, यावरून रोगी जगणार की नाही हे ताडावे, असे आपले ग्रंथ सांगतात. हे सारे शकुनशास्त्र आहे. त्यावर विश्वास ठेवा असे मी म्हणणार नाही, आणि वर्गात शिक्षकांनीही तसे सांगू नये. पण त्याच्या मुळाशी असलेला माणूस मला दिसतो. ज्याला रोगी दिसत नाही, तो समोर दिसणाऱ्या एकुलत्या एका माणसाला न्याहाळतो.

पैसा आणि सत्ता असली म्हणजे मात्र निरोपावर भागवावे लागत नसे, वैद्यालाच उचलून आणता येई. गोव्यात 1534 साली आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे जात असे. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. पण मला अधिक मौजेची वाटते ती आपल्या जिल्ह्यातली, जुन्नरची हकिकत.

साल 1675. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाला जेमतेम वर्ष होत आलेले. जुन्नर मोगलांकडे, खाली कल्याण-मुरबाड मराठ्यांकडे आणि मुंबई इंग्रजांच्या कंपनीकडे. जुन्नरच्या मोगल सुभेदाराच्या जनानखान्यात आजारपण होते. त्याने मुंबईकर इंग्रजांकडे वैद्य मागितला आणि कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर निघाला. म्हणजे मोगलांच्या घरचे दुखणे बघायला इंग्रज डॉक्टर मराठ्यांच्या मुलखातून चालला होता! ठाणे, कल्याण, मुरबाड करत तो सह्याद्रीच्या पायथ्याशी आला. तिथे वाट चुकून भलत्याच अवघड घाटाने वर चढला. परतताना नाणेघाटाने उतरला, तेव्हा त्याला कळले की सोपी वाट ही होती.

एवढी यातायात करून जुन्नरला पोचल्यावर काय? रोगी पडद्याआड! फ्रायरला पलंगाशी नेले, पण भोवती पडदे. पडद्याखालून हात आत घालायचा आणि नाडी पाहायची. त्याने एक मनगट धरले, नाडी पाहिली आणि सांगितले की ही बाई ठणठणीत आहे. खरोखरच तो हात एका धडधाकट दासीचा होता. डॉक्टर खरा की भोंदू, याची ती परीक्षा! मग खऱ्या आजारी बाईचा हात त्याच्या हाती आला. पुढे दुसऱ्या एका बाईचे रक्त काढायची वेळ आली, तेव्हा ओढाताणीत पडदाच खाली आला आणि सगळ्या बायकांची एकच धांदल उडाली. बोटांच्या फटींतून त्या पाहतच होत्या, असे फ्रायरने मिस्किलपणे लिहून ठेवले आहे. त्याचे हे पुस्तक 1698 साली लंडनला निघाले.

मला यात हसू येते तसे वाईटही वाटते. समुद्र, शत्रूचा मुलूख आणि घाट ओलांडून वैद्य आला, आणि शेवटचे हातभर अंतर काही त्याला ओलांडता आले नाही. त्या बाईला काय दुखते-खुपते हे तिच्याच तोंडून ऐकायला मिळाले असते, तर ते नाडीपेक्षा मोलाचे ठरले असते. सहावा उपाय, प्रश्न, तिथेही लंगडाच राहिला.

आता उलटी गोष्ट. सल्ला पुण्याहून लंडनला गेला त्याची. कावसजी नावाचा इंग्रजांच्या सैन्यातला बैल हाकणारा 1792 च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याला नवे नाक बसवून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बेतायचा, तोच सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने रेघ ओढून तेवढी कातडी सोडवायची आणि भुवयांच्या मधला भाग न तोडता खाली वळवून नाकाच्या जागी बसवायची. वरून पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेले फडके. सुमारे पंचवीस दिवसांनी मधला जोड कापायचा. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली, आणि त्या वेळी पुण्यात असलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. ऑक्टोबर 1794 च्या 'जंटलमन्स मॅगझिन' या लंडनच्या मासिकात हे सारे पत्ररूपाने छापून आले.

तिथल्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने ते मनावर घेतले. त्याच्यापुढे ना कुंभार होता ना कावसजी. मजकूर आणि चित्र मात्र होते. त्याने आधी प्रेतांवर हात बसवला. 23 ऑक्टोबर 1814 रोजी, म्हणजे पत्र छापल्यानंतर वीस वर्षांनी, पाऱ्याच्या औषधाने नाक गेलेल्या एका लष्करी अधिकाऱ्यावर त्याने ती शस्त्रक्रिया केली. ती साधली, आणि 1816 मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिले. या वेळी निरोप्याने निरोप नीट पोचवला होता. काताची पट्टीसुद्धा तो विसरला नव्हता.

विसरला ते एकच. त्या पत्रात रोग्याचे नाव आहे, पाहणाऱ्या दोन्ही डॉक्टरांची नावे आहेत. ज्याने नाक बसवले त्याची तेवढी जात लिहिली आहे, आणि तो पुण्याजवळ राहतो एवढेच.