पांढऱ्या फडक्यावरची धूळ

जाहिरात सगळीच खोटी असती, तर ती ओळखणे सोपे झाले असते. अडचण होते ती अर्ध्या खऱ्या जाहिरातीने. व्हॅक्यूम क्लीनर हे त्याचे चांगले उदाहरण. हे यंत्र धूळ ओढते, आपण ते डोळ्यांनी बघतो. आणि एकदा डोळ्यांनी बघितले की जाहिरातीतले बाकीचे शब्दही खरे वाटू लागतात. ते कितपत खरे असतात, हे समजायला या यंत्राचा सव्वाशे वर्षांचा इतिहास उपयोगी पडतो.

सुरुवात लंडनला, १९०१ साली. हवा फुंकून धूळ उडवणारे एक यंत्र ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने पाहिले. धूळ उडायची आणि पुन्हा तिथेच बसायची. फुंकण्याऐवजी हवा ओढून घेतली तर? बूथने एका हॉटेलात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावले आणि जोराने श्वास आत ओढला. बिचाऱ्याला ठसका लागला. पण रुमालावर धुळीचा डाग उमटला. त्यातून जे यंत्र झाले ते घोडागाडीवर बसवलेले होते. गाडी रस्त्यात उभी करायची आणि लांब नळ्या खिडकीतून घरात न्यायच्या. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेतले गालिचे याच यंत्राने साफ झाले.

घरात मावेल असे यंत्र केले अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, जेम्स स्पँगलर या झाडलोट करणाऱ्या माणसाने. त्याला दम्याचा त्रास होता. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून त्याने काम भागवले. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले आणि ते हूवर या व्यापाऱ्याने घेतले. हूवरची त्या वर्षीची जाहिरात लक्षात ठेवण्यासारखी आहे : दहा दिवस घरी फुकट वापरून पाहा.

आपल्याकडे हे यंत्र घराघरांत पोहोचवण्याचे मोठे काम युरेका फोर्ब्सने केले. ही कंपनी १९८२ साली सुरू झाली. टाय लावलेले, गोड बोलणारे तरुण शहरातल्या सोसायट्यांची दारे वाजवू लागले. अशा प्रात्यक्षिकाची रीत जगभर साधारण एकच. नळीला पांढरे फडके लावायचे, रोजच्या अंथरुणावर यंत्र फिरवायचे आणि फडके काढून दाखवायचे. फडके काळे. घरची बाई ओशाळी होते. सौदा अर्धा तिथेच ठरतो.

आता बूथचा रुमाल आणि हे फडके शेजारी ठेवून बघा. बूथला उत्तर माहीत नव्हते. रुमाल कोरा राहिला असता तर त्याची कल्पनाच चुकीची ठरली असती. विक्रेत्याचे फडके मात्र कधीच कोरे राहत नाही. कोणाचीही गादी घ्या, त्यात धूळ असतेच. फडके सांगते की धूळ निघाली. किती मागे राहिली, किंवा गादी अंगणात नेऊन काठीने झोडपली असती तर किती निघाली असती, हे ते सांगत नाही.

शब्दांवर जगणारा माणूस असल्याने जाहिरातीतले शब्द मी जरा निरखून वाचतो. ‘दोन हजार वॅट’ असे मोठ्या अक्षरांत छापतात. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खाते ते. किती धूळ ओढते ते नव्हे. हल्ली पास्कलचे आकडे असतात. हा आकडा बहुधा नळीचे तोंड बंद असताना ओढ किती, ते दाखवतो. पण वाहती हवा नसेल तर कचरा जागचा हलत नाही. ‘जंतू आणि ॲलर्जीपासून मुक्ती’ हा आणखी एक दावा. फिल्टर साधा असेल आणि यंत्राला फटी असतील, तर बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येते. गादीतले जिवंत किडे धाग्याला घट्ट धरून बसतात. चादर कडकडीत पाण्यात धुणे हा त्यावर जास्त भरवशाचा उपाय.

सरकारी मोजमापही फसू शकते. युरोपीय संघाने २०१४ पासून या यंत्रांना विजेच्या बचतीची लेबले लावली. चाचणी मात्र रिकाम्या पिशवीने होत असे. पिशवी भरू लागली की अनेक यंत्रांची ओढ कमी होते. डायसन कंपनी न्यायालयात गेली आणि २०१८ साली ते लेबल रद्द झाले.

‘कष्ट वाचतात’ हा दावा सर्वांत जुना. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात तो तपासला. पूर्वी जड गालिचे कधीमधी बाहेर काढून झोडपले जात, त्याला घरातले पुरुष आणि मुले हात लावत. यंत्र आले आणि तेच काम वरचेवर, एकट्या बाईकडे आले.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात माळवदाच्या घरांची भुई शेणाने सारवलेली असे. तिथे हे यंत्र चालवले असते तर केराबरोबर भुईही वर आली असती. तिथली धनीण शिंदीची केरसुणी, जिची लक्ष्मीपूजनाला पूजा होते. १९९३ च्या भूकंपानंतर कितीतरी गावांत माळवदे जाऊन सिमेंटची घरे आली. पण शहाबादी फरशीलाही झाडू आणि ओले फडके पुरते. यंत्राचा खरा उपयोग मला दिसतो तो मशिदीत. भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेला गालिचा उचलून झटकता येत नाही, आणि सजद्यात माणसाचे नाक त्यालाच टेकते. म्हणजे यंत्र खोटे नाही. ते ज्या घरासाठी जन्मले, तसे घर असेल तर ते शब्दाला जागते.

ग्राहकाच्या हाती आता कायदा आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. तक्रारीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण आयोगाची पायरी चढण्याआधी दारातच एक गोष्ट करता येते. पांढरे फडके निघाले की म्हणावे, ‘ते राहू द्या. आमची फरशी आधी झाडून घेतो, मग अर्ध्या भरलेल्या पिशवीने यंत्र फिरवून दाखवा.’