टेरी फॉक्सचं देणं



चांगल्या कामासाठी धावण्या-चालण्याचे कार्यक्रम आता आपल्या शहरांत नवे राहिले नाहीत. मुंबई मॅरेथॉनच २००४ पासून होते आणि तिच्यातून कितीतरी संस्थांना निधी मिळतो. पण द्यायचेच आहेत तर चेक लिहून मोकळं व्हावं, त्यासाठी पहाटे उठून धावायचं कशाला? मला पटलेलं उत्तर कॅनडातल्या एका मुलाच्या गोष्टीत आहे.

टेरी फॉक्सचा जन्म १९५८ चा. बास्केटबॉलचं वेड. १९७७ मध्ये उजव्या पायात हाडाचा कॅन्सर निघाला आणि गुडघ्याच्या वरून पाय कापावा लागला. वय अवघं १८. पुढे १६ महिने केमोथेरपी. त्याला समजलं की वाचण्याची शक्यता ५० टक्के आहे आणि दोनच वर्षांपूर्वी ती १५ टक्के होती. मी कॉमर्सची, आकड्यांपाशी थांबतेच. मधले ३५ टक्के आले कुठून? संशोधनातून, आणि संशोधन चालतं पैशावर. ज्यांनी टेरीला कधी पाहिलंही नव्हतं, अशा लोकांनी ते पैसे दिले होते.

हे त्याने ओळखलं. दवाखान्यात त्याने बरोबरीच्या मुलांना सोसताना आणि जातानाही पाहिलं होतं. आपण बाहेर पडलो म्हणजे मागे राहिलेल्यांची जबाबदारी आपल्यावर आली, अशा अर्थाचं पत्र त्याने कॅनडाच्या कॅन्सर सोसायटीला लिहिलं आणि देशभर धावून पैसे जमवण्यासाठी पाठिंबा मागितला.

आई बेटी आधी विरोधातच होती. कोणती आई हो म्हणेल? मुलगा नुकता मरणाच्या दारातून आलेला, आणि कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघालेला!

१२ एप्रिल १९८० ला पूर्व टोकाच्या सेंट जॉन्समधून तो निघाला. बरोबर मित्र डग ऑलवर्ड गाडी घेऊन. रोज साधारण ४२ किलोमीटर, म्हणजे रोज एक पूर्ण मॅरेथॉन. चांगल्या पायावर दोन उड्या, मग कृत्रिम पायाचं एक पाऊल, अशी ती चाल. सुरुवातीला फारसं कोणी विचारेना. मग पोर्ट ओ बास्क या सुमारे १०,००० वस्तीच्या गावाने १०,००० डॉलरहून जास्त रक्कम हातात ठेवली. माणशी एक डॉलर! तेच पुढे साऱ्या देशासाठी मागणं झालं. श्रीमंताचा एक, गरिबाचाही एकच. देणगीदारांच्या नावांच्या पाट्या वाचत आपण मोठ्या झालो, म्हणून हा हिशेब मला फार आवडतो.

१ सप्टेंबरला थंडर बे जवळ छातीत दुखू लागलं आणि धावणं थांबलं. कॅन्सर फुप्फुसात पसरला होता. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४१ लाखांवर डॉलर जमले होते. त्या वेळी कॅनडाची लोकसंख्याही जवळजवळ तेवढीच होती.

तो थांबला तेव्हा इसाडोर शार्प या हॉटेल व्यावसायिकाची तार आली. त्यांचा १७ वर्षांचा मुलगा १९७८ मध्ये कॅन्सरनेच गेला होता. दरवर्षी टेरीच्या नावाने दौड भरवू, असं त्यांनी कळवलं. टेरीला ते मान्य होतं, पण शर्यत नको, बक्षीस नको, पहिला-दुसरा नको. २८ जून १९८१ ला तो गेला, २२ वर्षांचा. सप्टेंबरमध्ये पहिल्या दौडीला ३ लाख लोक आले आणि ३५ लाख डॉलर जमले.

चेकने हे झालं नसतं असं मला वाटतं. पैसे पोचले असते, पण मुलांना खांद्यावर घेऊन चालणाऱ्या बापांना, केमोचे केस पुन्हा उगवू लागलेल्या बायांना "आम्हीही कुणाच्या तरी देण्यावर उभ्या आहोत" हे चारचौघांत म्हणायला जागा मिळाली नसती. ज्या दौडीत शेवटी येण्याची लाज नाही, तिथे आजारातून उठलेली बाईही येऊ शकते.

नंतर बेटी फॉक्स हिनेच ही दौड जपली. नको म्हणणारी ती आई २०११ मध्ये जाईपर्यंत शाळाशाळांतून मुलांशी बोलत राहिली. दौड पुढे ६० च्या वर देशांत पोचली, आपल्या मुंबईतही झाली. आजवर ८० कोटींहून जास्त डॉलर संशोधनाला गेलेत. पहिला नंबर अजूनही काढत नाहीत.