सांध्यांची बांधणी

आमच्या वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर पूर्वीं काथ्यानें फळ्या शिवून होड्या बांधीत. सुश्रुतानें मनुष्यदेहास अशाच नौकेची उपमा दिली आहे. बंधनांनीं आवळलेल्या फळ्यांची नौका जसा भार वाहते, तसे स्नायूंनीं बांधलेले सांधे देहाचा भार वाहतात, असें तो शारीरस्थानांत म्हणतो. येथें स्नायु म्हणजे हाडास हाड जखडणारे बंध.

गुडघा दुखावला म्हणजे केवढें कर्तृत्व अडतें, हें कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं अनुभविलें. १९५२ सालीं हेलसिंकीस त्यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढें गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळें १९५६ च्या मेलबर्नच्या स्पर्धेस ते मुकले.

तुटलेले बंध शिवण्याचे प्रयत्न त्यापूर्वींच सुरू झाले होते. १८९५ सालीं इंग्लंडांत लीड्स येथें मेयो रॉबसन यांनीं एका खाणकामगाराच्या गुडघ्यांतील दोन बंध शिवले. रोगी सहा वर्षांनंतरहि न लंगडतां चालतो, असें पाहून १९०३ सालीं त्यांनीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला. १९१७ सालीं ब्रिस्टलच्या अर्नेस्ट हे ग्रोव्हज यांनीं हाडांत बोगदे पाडून मांडीवरील चिवट पडद्याची पट्टी बंधाच्या जागीं ओवली. तरी ही शस्त्रक्रिया नित्याची होण्यास कित्येक दशकें लागलीं. आज ती दुर्बिणीच्या साहाय्यानें लहानशा छिद्रांतून होते.

शस्त्रक्रिया सुलभ झाली. काळ मात्र आटोपता झाला नाहीं. नव्यानें बसविलेल्या कंडरेस आरंभीं रक्तपुरवठा नसतो. तिच्यांतील जुन्या पेशी मरतात, नव्या सावकाश शिरतात, आणि मधल्या कांहीं महिन्यांत ती बसविली त्या दिवसापेक्षांहि दुबळी असते. फसगत होते ती येथेंच : सूज उतरलेली, वेदना थांबलेली, बंध मात्र कच्चा. म्हणून आधीं गुडघा पूर्ण सरळ करणें, मग मांडीचें बळ वाढविणें, आणि मैदानावर निदान नऊ महिन्यांनंतर, तेंहि बळाची परीक्षा झाल्यावर, असा आजचा दंडक आहे.

हरियाणाच्या विनेश फोगट यांचा गुडघा २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें जायबंदी झाला. शस्त्रक्रियेनंतर २०१८ सालीं जकार्ता येथें त्यांनीं आशियाई स्पर्धेचें सुवर्णपदक जिंकलें. पदक सर्वांनीं पाहिलें; मधल्या दोन वर्षांचा कंटाळवाणा व्यायाम पाहणारे थोडेच.

आपल्या घरांत कोणी असा काठी टेकीत चालत असेल, तर "अजून किती दिवस?" असें त्यास रोज विचारूं नये. वैद्यानें गांठ मारली आहे. ती मुरण्यास अवधि द्यावा.