लकव्याच्या पेशंटचं पोटही सांभाळा. शौच डांबरासारखी काळी झाली तर थांबू नका

लकवा मारला की घरच्यांचं सगळं लक्ष हातापायाकडं. मालिश कधी, व्यायाम कधी, बोलणं कधी येणार. पोटाकडं मात्र कुणी बघत नाही.

मेंदूला मोठा झटका बसला की जठरात आम्ल वाढून आतल्या अस्तराला जखमा होऊ शकतात. अमेरिकेतील मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये हा संबंध मांडला, म्हणून अशा जखमेला कुशिंग अल्सर म्हणतात. त्यात गुठळीचा लकवा असेल तर अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असते. रक्त पातळ असल्यानं जखम वाहत राहते.

ओळखायचं कसं? शौच डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची होते. उलटी लाल किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी होते. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती सहसा एवढी चिकट नि घाण वासाची नसते. शंका आली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत चक्कर, थंड घाम, जलद नाडी असेल तर सरळ १०८ ला फोन लावा. रक्त पातळ करण्याच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. एरवी ती मनानं बंद केली तर पुन्हा लकव्याचा धोका. आणि खांदा दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून देऊ नका, त्यानं रक्तस्राव वाढतो.

दुसरी तक्रार बद्धकोष्ठाची. पेशंट पडून असतो, त्यात लघवीला सारखं उठवावं लागू नये म्हणून घरचेच पाणी कमी देतात! मग शौचाचा खडा अडकतो आणि त्याच्या कडेनं पातळ पाणी झिरपतं. घरच्यांना वाटतं जुलाब लागले, नि जुलाब थांबवायची गोळी देतात. त्यानं खडा आणखी घट्ट होतो. चार दिवस शौच नाही आणि मग एकदम पातळ, असं झालं तर डॉक्टरांना तसंच सांगा. गिळायला त्रास असेल तर इसबगोल देऊ नका, घशात फुगून अडकतं.

पाणी-चहा पाजताना ठसका लागतो का बघा. आडवं ठेवून काही भरवू नये. नाकातून नळी असेल तर उशाकडची बाजू किमान ३० अंश वर ठेवा, नि नळीतून दिल्यावर अर्धा-एक तास तशीच राहू द्या. अन्न उलटून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

दवाखान्यात जाताना डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.