तळटीप : जत्रेतली चक्री
१. चक्री : कोल्हापूरकडच्या जत्रांतले, आकडे रंगवलेले आणि कडेला खिळे ठोकलेले उभे चाक. खिळ्यांवर टकटकणारी पट्टी जिथे अडेल तो आकडा लागला. दहा घरांच्या चाकावर रुपयाला, लावलेल्या रुपयासकट, नऊ मिळत असतील तर दहावा चाकवाल्याचा. हा हिशेब खेळणाऱ्याला निदान घरे मोजून करता येतो. म्हणूनच लेखकाने कॅसिनोतले चाक आणि चक्री एकाच तागडीत तोलली, हे मला पटत नाही. अमेरिकेत १९७५ साली सुरू झालेल्या ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ या टीव्ही कार्यक्रमात स्पर्धकाच्या खिशातून काही जात नसे. आयजीटी कंपनीने १९९६ मध्ये त्यावरून स्लॉट मशीन काढले, आणि तेच चाक पैसे लावून फिरू लागले. अशा यंत्रात निकाल संगणक ठरवतो, चाक तो फक्त दाखवते. मोठ्या बक्षिसाचे घर डोळ्यांना इतरांएवढेच दिसले, तरी ते तितक्याच वेळा येईल असे नाही. शेजारच्या गोव्यात पंचतारांकित हॉटेलांतल्या स्लॉट यंत्रांना १९९२ च्या कायदादुरुस्तीने वाट मिळाली. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा मात्र कधी अमलात आलाच नाही. २०२३ मध्ये तो रद्द झाला. — संपा.