शब्दवेध : टाकसाळ

‘टाकसाळ’ आला संस्कृत ‘टंकशाला’वरून. टंक म्हणजे छाप उठवलेले नाणे, आणि दगड घडवायची छिन्नीही. पाथरवटाची ‘टाकी’ त्याच कुळातली, ‘टंकलेखन’ मात्र अलीकडचे. पूर्वी नाणी पाडताना दोन ठशांमध्ये धातूची चकती धरून वर हातोडा हाणत. ठसा चकतीहून मोठा असे, म्हणून मराठेशाहीतल्या ‘शिवराई’ नाण्यावरची अक्षरे बहुधा काठाशी तुटलेली दिसतात. हा कारागिराचा हलगर्जीपणा नव्हे, पद्धतीचाच दोष! पुढे युरोपात मळसूत्री दाबयंत्र आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने त्याला वाफेची जोड दिली. चकतीभोवती पोलादी कडे बसल्याने धातू बाहेर पसरेना, नाणी एकसारखी गोल निघू लागली. मुंबईची टाकसाळ १८२९मध्ये बांधून झाली, तीही वाफेच्याच यंत्रांवर. ‘टाकसाळे’ हे आडनाव आजही आढळते.